पल्ला किती?

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. एके काळी हा डोंगर उघडाबोडका होता. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने येथे झाडे लावली गेली, बाहेरून चितळ, सांबर, काळवीट आणून सोडण्यात आले आणि १९८५ मध्ये याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसाने घडवलेले जंगल म्हणून शाळांच्या सहली येथे नेहमी येतात.

अशाच एका सहलीत आम्ही पाच-सहा जण डोंगराच्या धारेवर उभे होतो. समोर दरी आणि दरीपलीकडच्या उतारावर एक चितळ. सहज प्रश्न निघाला, “सर, ते इथून किती लांब असेल?” गणिताचे शिक्षक म्हणाले दीडशे मीटर. भूगोलाच्या बाई म्हणाल्या तीनशे. मी पदार्थविज्ञानातला संशोधक, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मोठ्या आत्मविश्वासाने १८० मीटर सांगितले. एका मित्राकडे लेसरवर चालणारे पल्लामापक, म्हणजे रेंजफाइंडर होते. त्याने बटण दाबले. आकडा आला २६२. माझी चूक ८२ मीटरची, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश!

या फजितीचे मला पुढे फारसे आश्चर्य वाटले नाही. मधे खोल दरी असली, हवा पावसाने धुऊन निघालेली असली किंवा वस्तूवर लख्ख ऊन पडले असले की वस्तू आहे त्यापेक्षा जवळ वाटते. संध्याकाळच्या मंद उजेडात तीच दूर वाटते. नव्या शिपायांना अंतराचा अंदाज करायला शिकवताना सैन्यात या गोष्टी मुद्दाम सांगितल्या जातात. आपले डोळे अंतर मोजत नाहीत. ओळखीच्या खुणांवरून ते तर्क करतात. खुणा बदलल्या की तर्क चुकतो.

मग २६२ हा आकडा त्या हातभर यंत्राला कसा कळला? आणि तो आकडा खरा मानायचा तरी किती? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. त्यात तोफा आहेत, शिकार आहे, कंदिलाची काच आहे आणि शेवटी जंगलातल्या प्राण्यांची मोजदादही आहे.

अंगठा आणि त्रिकोण

आपल्या जुन्या भाषेत लांबचे अंतर सांगण्याची मापे मोठी बोलकी होती. हाकेच्या अंतरावर, बाणाच्या टप्प्यात, तोफेच्या माऱ्यात, दोन कोसांवर. यातले प्रत्येक माप कामापुरते होते. हाक पोचते की नाही एवढेच कळले म्हणजे पुरे. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावरच्या गोलंदाजाला शत्रू किती मीटरवर आहे हे कळण्याची गरज नव्हती. एक गोळा सोडायचा, तो कुठे पडला ते पाहायचे आणि तोफ थोडी वर-खाली करायची.

अचूक अंतर हवे असेल तर मात्र त्रिकोणाला शरण जावे लागते. हे तत्त्व वर्गात उभ्या उभ्या दाखवता येते. हात सरळ पुढे करून अंगठा वर धरा. डावा डोळा मिटून अंगठा दूरच्या एखाद्या झाडावर आणा. आता उजवा डोळा मिटून डावा उघडा. अंगठा झाडावरून बाजूला उडी मारतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते आणि डोळ्यापासून अंगठा सुमारे ६५ सेंटिमीटरवर असतो, म्हणजे दहापट. तेव्हा अंगठ्याची उडी झाडाजवळ जितके मीटर दिसेल, त्याच्या दहापट झाडाचे अंतर. उडी दोन बैलगाड्यांच्या लांबीएवढी, म्हणजे समजा दहा मीटर वाटली, तर झाड शंभर मीटरवर आहे.

दोन डोळ्यांना जोडणारी रेषा ही या त्रिकोणाची पायारेषा. ती लहान असेल तर कोनही लहान आणि मोजणी ढोबळ. ती मोठी करता आली तर? विल्यम लँबटन यांनी नेमके हेच केले. १० एप्रिल १८०२ रोजी चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माऊंटपाशी त्यांनी पायारेषा मोजण्यास आरंभ केला. शंभर फुटी पोलादी साखळी पुन्हा पुन्हा अंथरून सुमारे साडेसात मैलांची ही रेषा मोजण्यात आली. मग तिच्या दोन्ही टोकांवरून थिओडोलाइटने कोन घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत गेले. त्यांच्या मोठ्या थिओडोलाइटचे वजन सुमारे अर्धा टन होते. लँबटन यांचा मृत्यू जानेवारी १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला आणि त्यांची कबरही तेथेच आहे. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. पुढे दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून कोन घेऊन जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची काढली गेली ती याच पद्धतीने.

ही पद्धत अचूक खरी, पण तिला महिने लागत. डोंगर जागचा हलत नाही, म्हणून ते चालते. शत्रूचे घोडदळ किंवा समुद्रावरचे जहाज सर्वेक्षकासाठी थांबत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकांच्या नळीत आटे आले, धूर न करणारी दारू आली आणि गोळीचा टप्पा शेकडो मीटरांनी वाढला. आता नेम धरण्याआधी अंतर कळणे आवश्यक झाले, तेही काही सेकंदांत.

लांबवरचा नेम आणि गोळीचे पडणे

अंतराची एवढी मातब्बरी का, हे नववीच्या गणितानेही समजते. बंदुकीची गोळी सरळ रेषेत जाते हा गैरसमज आहे. नळीतून सुटल्याक्षणी ती इतर कोणत्याही वस्तूसारखी खाली पडू लागते. समजा, तिचा सरासरी वेग सेकंदाला ७०० मीटर आहे. ३०० मीटर जायला तिला सुमारे ०.४३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साधारण ९० सेंटिमीटर खाली येते. म्हणून बंदुकीचे दर्शक लावताना नळी तेवढ्या हिशेबाने वर उचललेली असते. हवेच्या विरोधाने वेग घटत जातो; ४०० मीटरपर्यंतचा सरासरी वेग ६६० धरला तर लागणारा वेळ ०.६ सेकंद आणि पडणे सुमारे १८० सेंटिमीटर. आता दर्शक ३०० मीटरला लावला आहे आणि प्राणी प्रत्यक्षात ४०० मीटरवर आहे असे समजा. उचललेल्या नळीमुळे ४०० मीटरवर गोळी १२० सेंटिमीटर वर गेलेली असायला हवी, पण ती १८० सेंटिमीटर पडलेली असते. म्हणजे नेमापेक्षा ६० सेंटिमीटर खाली. छातीवर धरलेला नेम पायावर बसतो.

साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक शिकारीला जात, तेव्हा हाकारा घालून जनावर मचाणापुढे आणले जाई किंवा पाणवठ्यावर दबा धरला जाई. पन्नास पावलांवर अंतराचा प्रश्न येत नाही. दुर्बीण लावलेल्या बंदुका आल्या तसा लांबून नेम धरण्याचा मोह वाढला. दुर्बिणीतून जनावर जवळ दिसते. ते जवळ असते असे नाही. सहज चुकणारा शंभर मीटरांचा अंदाज म्हणजे पाय मोडून रानात निघून गेलेले आणि पुढे कित्येक दिवस तडफडणारे जनावर. अंतर ठाऊक नसेल तर गोळी झाडू नये, हा नियम जाणत्या शिकाऱ्यांनी घालून घेतला तो एवढ्यासाठीच.

काखेत मावणारा त्रिकोण

सैन्याने आरंभी जे उपाय केले त्यांपैकी एक होता मेकोमीटर. दोन शिपाई दोरी ताणून उभे राहत. दोरी हीच पायारेषा. दोघांच्या हातांतील आरशांच्या यंत्रांनी कोन घेतला की अंतर मिळे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) हे यंत्र ब्रिटिश सैन्याकडे होते. पण समोरून गोळ्या येत असताना दोघांनी उभे राहून दोरी ताणायची, ही कल्पनाच अवघड!

१८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी पल्लामापक हवे असल्याची जाहिरात दिली. लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजमधील दोन प्राध्यापकांनी ती वाचली. आर्चिबाल्ड बार हे अभियांत्रिकीचे आणि विल्यम स्ट्राउड हे पदार्थविज्ञानाचे. त्यांचे पहिले यंत्र सैन्याच्या परीक्षेत नापास झाले. पण त्यांनी नाद सोडला नाही आणि १८९२ मध्ये साडेचार फूट पायारेषेचे त्यांचे यंत्र आरमाराने स्वीकारले. पुढे ग्लासगो येथे त्यांचा कारखाना उभा राहिला आणि पायदळासाठी सुमारे ८० सेंटिमीटरचे, एका माणसाला नेता येईल असे यंत्रही निघाले.

त्याची रचना अशी. एक आडवी नळी. तिच्या दोन्ही टोकांना एकेक लोलक. दोन्हीकडून आलेला प्रकाश मधल्या नेत्रिकेत येतो. एका टोकाच्या प्रतिमेचा वरचा अर्धा भाग दिसतो, दुसऱ्या टोकाच्या प्रतिमेचा खालचा. दूरवरचा एखादा खांब पाहिला तर तो मधेच तुटून बाजूला सरकल्यासारखा दिसतो. चाक फिरवून दोन्ही तुकडे एका रेषेत आणायचे आणि पट्टीवर अंतर वाचायचे. लँबटन यांचा मैलांचा त्रिकोण आता काखेत मावू लागला.

पण निसर्ग काही फुकट देत नाही. ८० सेंटिमीटरच्या पायारेषेला १००० मीटरवर फक्त १६५ विकलांचा कोन मिळतो. (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला.) यंत्र आणि डोळा मिळून या कोनात एका विकलेची चूक करत असतील, तर १००० मीटरवर अंतराची चूक सुमारे ६ मीटर होते. २००० मीटरवर ती दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे २४ मीटर. ३००० मीटरवर नऊपट, सुमारे ५५ मीटर. चूक अंतराच्या वर्गाने वाढते आणि पायारेषेच्या प्रमाणात कमी होते. म्हणूनच पहिल्या महायुद्धातल्या मोठ्या युद्धनौकांवर १५ फुटी यंत्रे बसली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या ‘यामातो’वर ती १५ मीटरांपर्यंत गेली.

एक विकला म्हणजे किती? ८० सेंटिमीटरच्या नळीचे एक टोक ४ मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या भागाने सरकले तरी एक विकला होते. नळीला एका बाजूने ऊन लागले तरी ती एवढी वाकते. यावर तोड म्हणून टोकांना पंचकोनी लोलक बसवण्यात येऊ लागले. असा लोलक किंचित फिरला तरी त्यातून बाहेर पडणाऱ्या किरणाची दिशा बदलत नाही. यंत्राची सगळी अचूकता आता काचेवर अवलंबून राहिली.

काच आणि काच

येथे साताऱ्याचा संबंध येतो. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा दुर्बिणीची उत्तम काच जर्मनीतल्या येना शहरात होत असे. तेथे ऑटो शॉट, अर्न्स्ट आबे आणि त्साइस यांच्या सहकार्यातून १८८४ पासून काचेचे शास्त्रशुद्ध उत्पादन चालू होते. ब्रिटनमध्ये दुर्बिणींची टंचाई एवढी झाली की, पूर्वी हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लोकांना घरच्या दुर्बिणी सैन्याला द्याव्यात असे आवाहन केले. या युद्धात सातारा जिल्ह्यातून फार मोठ्या संख्येने जवान गेले. एकट्या अपशिंगे (मिलिटरी) गावाचे ४६ जण त्यात कामी आले. गावातला स्मृतिस्तंभ आजही ते सांगतो.

त्याच काळात, १९१६ मध्ये, कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. औंध संस्थानच्या आश्रयाने आधी किर्लोस्करवाडी उभी राहिली होती, तशीच ही ओगलेवाडी. गुरुनाथ प्रभाकर ओगले यांनी अमेरिकेत जाऊन काचेचे तंत्र शिकून घेतले. त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने महाराष्ट्रातल्या घराघरांत उजेड दिला. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी याच कंदिलाखाली अभ्यास केला असेल.

विद्यार्थ्यांना येथे एक प्रश्न जरूर विचारावा. कंदिलाची काच करता येते, तर दुर्बिणीची का करता आली नाही? कंदिलाची काच पातळ हवी, पारदर्शक हवी, ज्योतीच्या उष्णतेने तडकू नये एवढी हवी. तिच्यात एखादी रेघ, एखादा बुडबुडा असला तरी उजेड पडतोच. दुर्बिणीच्या काचेचा वक्रीभवनांक मात्र सगळीकडे अगदी सारखा हवा. त्यासाठी वितळलेली काच सतत ढवळावी लागते आणि नंतर फार सावकाश निववावी लागते, नाहीतर आत ताण राहतो. शिवाय प्रकाशाचे रंग फाकू नयेत म्हणून निरनिराळ्या वक्रीभवनांकांच्या काचांची भिंगे जोडावी लागतात. ही कला कुशल कारागिरीच्या पलीकडची, मोजमापाच्या शास्त्राची आहे. भारतात दृक्‌साधनांचा आयुध कारखाना १९४३ मध्ये डेहराडूनला सुरू झाला आणि दृक्‌काच येथेच बनवण्याचे काम कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने १९६० च्या सुमारास, डॉ. आत्माराम संचालक असताना, यशस्वी केले.

पायारेषा नाहीशी झाली

याच सुमारास त्रिकोणाचा काळ संपत आला. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या दांड्यातून पहिला लेसर किरण मिळवला आणि वर्षभरातच लेसरने अंतर मोजण्याचे प्रयोग झाले. तत्त्व विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट पाहण्यासारखे आहे. प्रकाशाचा स्पंद पाठवायचा, तो वस्तूवरून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. जाऊन परत यायचे असल्याने एक नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटिमीटर अंतर. सागरेश्वरच्या चितळापर्यंत जाऊन यायला प्रकाशाला १७४७ नॅनोसेकंद लागले, म्हणून २६२ मीटर. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांपर्यंतचे अंतरही याच रीतीने मोजले जाते.

येथे पायारेषाच नाही, त्यामुळे अंतराच्या वर्गाने चूक वाढत नाही. पण अडचण नाहीशी होत नाही, तिचे रूप बदलते. परत येणारा प्रकाश अंतराबरोबर झपाट्याने घटतो. शिवाय झोत पसरतो; ५०० मीटरवर तो मीटरभर रुंद होऊ शकतो. तेव्हा चितळापुढे कारवीचे झुडूप असेल तर यंत्र झुडपाचे अंतर सांगेल आणि आपल्याला ते कळणारही नाही. आकडा स्पष्ट दिसतो, म्हणजे तो बरोबर आहे असे नव्हे.

नेम बदलला

दरम्यान समाजही बदलला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात आरंभी परवान्याने काही प्राण्यांच्या शिकारीला वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तोही बंद झाला आणि माणसाच्या जिवाला किंवा पिकांना धोका असे मोजके अपवाद उरले. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर असून ते सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरले आहे. जेथे शिकारी पल्ला अजमावत होते, तेथे आता अभ्यासक अंतर मोजतात. यंत्र तेच, प्रश्न नवा: या जंगलात सांबर किती, भेकर किती, गवे किती? वाघ राहू शकेल की नाही हे त्यावरच ठरते.

सगळे प्राणी मोजणे अशक्य. म्हणून जंगलात सरळ वाटा आखतात आणि पहाटे त्यांवरून चालतात. प्राणी दिसला की त्याचे अंतर पल्लामापकाने आणि दिशेचा कोन होकायंत्राने घेतात. त्यांवरून प्राणी वाटेपासून काटकोनात किती दूर होता ते काढतात. अशा अनेक नोंदींवरून वाटेच्या दोन्ही बाजूंना साधारण किती रुंदीचा पट्टा आपण नीट पाहिला ते कळते. कर्नाटकात नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत वापरली आणि नंतर ती देशभर रुळली.

आता अंदाजाची चूक काय करते ते पाहा. समजा, एकूण २० किलोमीटर चालण्यात २४ कळप दिसले आणि पट्ट्याची रुंदी प्रत्येक बाजूला ४० मीटर निघाली. पाहिलेले क्षेत्र १.६ चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला १५ कळप. त्याच माणसांनी डोळ्यांच्या अंदाजाने अंतरे सव्वापट लिहिली असती तर? रुंदी ५० मीटर, क्षेत्र २ चौरस किलोमीटर आणि कळप १२. जंगलात एकही प्राणी मेला नाही, तरी कागदावरून पाचवा हिस्सा नाहीसा झाला. आणि माझ्यासारखा अंतर कमी लेखणारा माणूस असेल तर उलट होईल. नसलेले प्राणी कागदावर जन्म घेतील. शिकाऱ्याच्या चुकीने एक जनावर जायबंदी होई. मोजणाऱ्याची चूक आख्ख्या जंगलाविषयीच्या निर्णयात उतरते.

यंत्र निवडायचे तर

शाळेच्या निसर्गमंडळासाठी अशी साधने घ्यायची झाल्यास वरच्या इतिहासातूनच निकष मिळतात.

लेसर पल्लामापकाच्या खोक्यावर ‘१००० मीटर’ असे छापलेले असते. तो पल्ला बहुधा चकचकीत, प्रकाश परतवणाऱ्या पाटीसाठी असतो. झाडासाठी तो कमी आणि हरणाच्या मऊ, काळपट कातडीसाठी आणखी कमी, बऱ्याचदा निम्म्याहूनही खाली. उन्हात आणि धुक्यात तो आणखी घटतो. म्हणून प्राण्यासाठी दिलेला पल्ला पाहावा. पुढच्या फांद्या सोडून मागच्या वस्तूचे अंतर घेण्याची सोय सह्याद्रीच्या दाट जंगलात फार उपयोगी. तसेच उताराचा कोन दाखवणारे यंत्र घ्यावे. ३० अंशांच्या उतारावर ४०० मीटर भरलेले अंतर नकाशावर ३४६ मीटरच असते आणि आपल्याला हवे असते ते नकाशावरचे. आणि लेसर कोणाच्याही डोळ्यावर धरू नये, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगावे.

ओळख पटवण्यासाठी लागते ती टेहळणीची दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप. नेमबाजीच्या मैदानावर लक्ष्यावरची छिद्रे पाहायला तीच वापरत आले आहेत. तिच्यावर ‘२०–६० × ८०’ असे लिहिलेले असेल, तर विशालन २० ते ६० पट आणि वस्तुभिंगाचा व्यास ८० मिलिमीटर. विक्रेता ६० या आकड्यावर भर देतो. आपण ८० ला ६० ने भागावे. उत्तर १.३ मिलिमीटर ही डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी. संध्याकाळी आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते, तिला १.३ मिलिमीटरची शलाका म्हणजे काळोखच. २० पटीला तीच जाडी ४ मिलिमीटर होते आणि चित्र उजळते. शिवाय दुपारी कासच्या पठारासारखा तापलेला कातळ मधे असेल, तर हवा अशी थरथरते की ६० पटीला फक्त ती थरथरच मोठी दिसते. म्हणून विशालन कमी असले तरी चालेल. काच चांगली हवी आणि तिपाई भक्कम हवी. डळमळत्या तिपाईवर महागडी दुर्बीणही वाया जाते.

यांपैकी काहीच घेणे परवडत नसेल तरी बिघडत नाही. मुलांना मैदानावर न्या. दूरच्या खांबाचे अंतर प्रत्येकाला मनाशी लिहायला सांगा. मग अंगठ्याने काढायला सांगा. नंतर दोन खुंट्यांमध्ये दहा मीटर दोरी ताणून, कोनमापकाने दोन्ही टोकांचे कोन घेऊन, कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून अंतर काढा. शेवटी टेपने मोजा. चारही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येकापुढे त्याची चूक. आकड्याशेजारी त्याची चूक लिहिण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याच्या हाती पुढे कोणतेही यंत्र आले तरी चिंता नाही.

सागरेश्वरहून परतल्यावर मीही वहीत लिहून ठेवले आहे: अंदाज १८०, मोजणी २६२. दर सहलीला त्याखाली एक नवी ओळ येते. चूक कमी होते आहे, पण फार सावकाश.